शेततळ्याच्या कडेतला मणी

सिल्लोडजवळच्या आमच्या शेतात दादानं शेततळं खणायला घेतलं, त्या दिवशी मी सहज शहरातून, पुंडलिकनगरहून तिकडं गेले होते. मी कॉलेजात पुरातत्त्व शिकवते. दादाला त्याचं कौतुक आहे, पण शेताबाहेर.

नाल्याच्या बाजूला जेसीबीनं पुरुषभर खोल खणलं होतं. कापलेल्या कडेत वाळू-गोट्यांचा थर दिसत होता आणि त्यात गारगोटीची नखाएवढी, धारदार पाती, अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली. मी काम थांबवायला सांगितलं. दादा म्हणाला, जेसीबी संध्याकाळी दुसऱ्याच्या रानात जाणार, परत मिळेपर्यंत पाऊस येईल. तरी चहापुरतं थांबायला तो तयार झाला.

मी खाली उतरले. थराशी तोंड नेलं तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी पांढुरकी चकती दिसली, मधोमध भोक असलेली. कधीकाळी आपल्याकडं शहामृगं होती आणि त्यांच्या अंड्यांच्या कवचाचे मणी करणारी माणसंही होती. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. तिकडं युरोपात निअँडरथल नावाचे आदिमानव सजण्यासाठी रंग आणि शिंपले वापरत असावेत, तेही सांगते. पण मातीत रुतलेला मणी मी कधी बघितला नव्हता.

फोटो काढला आणि काडीनं भोवतीची वाळू सैल करू लागले. वरून ढेकळं पडायला लागली.

"आधी वर ये," दादा म्हणाला. "कड फुटायली."

मी म्हटलं, एक मिनिट. तो सरळ खाली उतरला, माझं मनगट धरून ओढलं. मणी कसाबसा मुठीत आला. आम्ही उतारावर पोचतो न पोचतो तोच मागची कड खाली बसली. मी जिथं वाकले होते तिथं कमरेएवढा ढिगारा होता.

कुठं लागलं का, ते दादानं आधी बघून घेतलं. मग म्हणाला, "काय व्हतं तिथं, जिवापेक्षा मोठं?"

मी मूठ उघडली. त्यानं मणी हातात घेतला नाही, वाकून बघत राहिला. हे भोक माणसानं पाडलंय का, असं विचारलं. हो म्हटलं, दगडाच्या टोकानं, फिरवून फिरवून. त्यांना खायला तरी पोटभर मिळत होतं का, असं त्यानं विचारलं.

जेसीबी त्यानं परत पाठवला. तळं त्या उन्हाळ्यात झालं नाही, कपाशीला पाणी कमी पडलं, वहिनी अजून बोलून दाखवते. मी कळवल्यावर पुरातत्त्व विभागाचे जाणकार येऊन बघून गेले. पडलेल्या मातीतून फारसं काही हाती लागणार नाही, पण उरलेला थर शाबूत आहे. येत्या हिवाळ्यात रीतसर खणायचं ठरलंय. मला खड्ड्यात उतरू द्यायचं नाही, असं दादानं त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.