व्हॅनचं इंजिन

माझी बायको गेली तेव्हा इंजिन चेनपुलीला लटकत होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची गाडी उभी होती, बॉनेट काढलेली, आतून रिकामी, आणि तिच्यावर हे इंजिन हवेत. दुसऱ्या दिवशी ते खाली बसवायचं असं तिचं ठरलं होतं.

ती जव्हारच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायची. मी मोखाड्याला पंचायत समितीत कारकून आहे. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं आणि ते मी शिकावं असा आग्रहही तिनं कधी केला नाही. ती शेडमध्ये असली की मी चहा नेऊन द्यायचो आणि दारातल्या पिंपावर बसायचो. आमचं बोलणं बरंचसं तिथंच व्हायचं, तिचं डोकं गाडीखाली असताना.

गाडी जुनी होती. दोन सीटची, बिनछपराची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार. डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत ती पालापाचोळ्याखाली पडून होती आणि वाडीच्या म्हाताऱ्या मालकांनी, कुणी चालवणार असेल तर घेऊन जा, असं सांगितलं होतं. तिचं मूळचं लोखंडी इंजिन जाम झालेलं. त्याचे सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत. म्हणून बायकोनं ठरवलं की नव्या काळाचं चार सिलिंडरचं इंजिन टाकायचं, आणि तेही अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं. तिचे सहकारी हसले. स्पोर्ट्स कारला भाजीच्या व्हॅनचं इंजिन! तिनं मला समजावलं होतं की हॅचबॅक गाड्यांचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, या व्हॅनचं मात्र उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, अगदी हिच्यासारखं. शिवाय ॲल्युमिनियमचं, म्हणजे जुन्यापेक्षा हलकं. हे सांगताना ती खूश होती एवढं मला आठवतं.

एका दुपारी आयटीआयमध्ये ती फळ्यापुढे उभी असताना खाली बसली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. जव्हारहून तिला नाशिकला हलवलं. मोखाडा मागे पडल्यावर, त्र्यंबकच्या अलीकडच्या चढावर, ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं सगळं मी केलं. सह्या केल्या, फोन केले, लोकांना जेवायला वाढलं. रडलो नाही. लोक म्हणायचे, मोकळे व्हा. मी हो म्हणायचो.

नंतर मी रोज ऑफिसला जाऊ लागलो. जव्हार ते मोखाडा, एसटी नाहीतर जीप. लोकांचे दाखले, अर्ज, घरकुलाच्या फायली. काम बिनचूक होत होतं. घरी आलो की भात लावायचा आणि तो खायचा. शेडकडे गेलो नाही. टाळायचं म्हणून नव्हे, तिकडे जायचं काही कारण नव्हतं.

सासरे खोडाळ्याहून आले ते भातकापणी आटोपल्यावर. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आमच्या लग्नापासून आम्ही एकमेकांशी जेमतेम बोलायचो. पाऊस, बस, तब्येत. मी त्यांना मामा म्हणतो. ते चहा न घेताच मागे गेले, पुलीची साखळी हातानं चाचपून आले आणि म्हणाले, "जावई, मशीन असं टांगून नाय ठेवत. साखळी ताणते."

मी विचारलं, मग काय करायचं. खाली ठेवायचं, नाहीतर गाडीत बसवायचं, ते म्हणाले. खाली ठेवायला शेडमध्ये जागा नव्हती. असं आमचं काम सुरू झालं. त्यामागे याहून मोठा विचार नव्हता.

ते दर शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. मी साखळी ओढायचो, ते हातानं इंजिन फिरवून वाट दाखवायचे. पहिल्याच प्रयत्नात ते अडकलं. इंजिनाच्या तळाशी तेलाचं पत्र्याचं भांडं असतं, ऑइल चेंबर म्हणतात त्याला. ते गाडीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर टेकत होतं. मामा म्हणाले, इंजिन वर उचलून बसवू. पण मग बॉनेट बंद होईना. तर बॉनेटला भोक पाडू, ते म्हणाले, लॉरीवाले पाडतात.

मी नको म्हणालो. का, ते मलाही नीट सांगता आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी कशाला तरी नको म्हटलं होतं.

"तिनं भोक पाडलं नसतं," मी म्हणालो.

मामांनी पाना खाली ठेवला. "ती नाय आता. आपणच हाव."

त्यानंतर त्या दिवशी आम्ही काही केलं नाही. ते पडवीत झोपले, मी भांडी घासली. सकाळी चेंबर पुसताना त्यांना त्याच्यावर खडूच्या रेघा दिसल्या. पुढचा कोपरा कुठून कापायचा ते तिनं आधीच आखून ठेवलं होतं. मामांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघं त्या रेघांकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी चेंबर सोडवून पोत्यात गुंडाळलं, मी ते मांडीत धरून त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि आम्ही ते वेल्डरकडे नेलं. त्यानं रेघेवरून कटर फिरवला. खडू ठिणग्यांत गेला. मामांनी मान वळवली; मी बघत होतो आणि मला एवढंच वाटत होतं की काप सरळ येतोय. पहिलं वेल्डिंग गळलं, ते पुन्हा करून घ्यावं लागलं. पण इंजिन बसलं, आणि बॉनेटही.

वायरिंग आमच्या दोघांच्या आवाक्याबाहेर होतं. नव्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो, त्याच्याशिवाय ते पेटत नाही. मामांची हयात डिझेलच्या बसवर गेलेली. वायरींचा तो जुडगा बघून ते म्हणाले, हे मला नाय झेपणार. मग बायकोची मैत्रीण येऊ लागली. ती त्याच आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. ती वायरी जोडता जोडता रडायची, नाक बाहीला पुसायची आणि पुन्हा जोडायची. मी टेप कापून तिच्या हातात देत राहायचो. एकदा तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं, ही काहीतरी विचारणार. तिनं नुसती पक्कड मागितली.

सगळं जोडून झाल्यावर स्टार्टर मारला. इंजिन पेटलं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा तसंच. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. मैत्रीण विचार करून म्हणाली की हा कॉम्प्युटर व्हॅनची मूळ किल्ली शोधतोय; किल्लीच्या मुठीत एक चिप असते, ती जवळ नसेल तर तो इंजिन चालू देत नाही. तिला आठवत होतं, व्हॅनचा मालक ती किल्ली आयटीआयच्या गेटवर देऊन गेला होता. केव्हा, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं. बायको फळ्यापुढे खाली बसली त्याच दिवशी सकाळी.

म्हणजे किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती. आणि पर्स नाशिकच्या हॉस्पिटलनं मला दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बांगड्या, घड्याळ आणि चपलांबरोबर. ती पिशवी कपाटावर होती. मी ती उघडली नव्हती.

मी घरात गेलो, स्टुलावर चढलो, पिशवी खाली घेतली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. वरच चपला होत्या, तिच्या डाव्या चपलेचा अंगठा झिजलेला. पर्समध्ये रुमाल, सुपारीची पुडी, बसचं जुनं तिकीट आणि ती किल्ली. मी किल्ली घेतली आणि पिशवीला पुन्हा तशीच गाठ मारली. आता काहीतरी होईल म्हणून मी कॉटवर जरा थांबलो. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. काही झालं नाही.

"सापडली?" मामांनी विचारलं.

"सापडली."

इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. मैत्रिणीनं तोंडावर ओढणी धरली. मामा हसले, त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मला तेव्हा दिसलं. माझ्या मनात आलं की गॅसचा सिलिंडर बुक करायचा राहिलाय. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहितोय.

इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी लागते, आणि गाडी तिच्या नावावर असल्यामुळे आधी ती माझ्या नावावर करावी लागली. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मीच काढल्या, मीच साक्षांकित करून आणल्या. तपासणीच्या साहेबांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं, काम कुणी केलं विचारलं. मामांनी सांगितलं, पोरीनं. साहेबांनी तिला घेऊन का नाही आलात असं विचारलं नाही. कागद त्यांच्यापुढेच होते.

गाडी पास झाल्यावर मामा म्हणाले, खोडाळ्याला नेऊ, मामी बघतील. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. तेच चालवायला बसले. बसचं भलंमोठं स्टिअरिंग फिरवलेला माणूस, या चिमुकल्या चाकावर त्यांचे हात एकमेकांना लागत होते. गाडी इतकी हलकी की घाटात वळणावर नुसतं मनगट हललं तरी वळायची. रस्त्याकडेला नागलीची कापलेली शेतं होती, बायका डोक्यावर भारे घेऊन थांबून बघायच्या.

मोखाड्याच्या स्टँडवर चहाला थांबलो तर जीपवाले जमले. बॉनेट उघडायला लावलं. हे तर व्हॅनचं मशीन, एक जण म्हणाला, आणि सगळे वाकून बघायला लागले. गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं गाडीतच बसून होतो. पुढं रस्ता फुटतो, एक खोडाळ्याला, एक त्र्यंबकला. मामांनी गाडी सुरू केली नाही.

मी म्हणालो, "मामा, मला काहीच वाटत नाही. तेव्हापासून. लोकांना वाटतं मी धीराचा आहे."

ते समोर बघत होते. चहाचा ग्लास त्यांनी अजून परत दिला नव्हता.

"मलाबी नाय वाटत," ते म्हणाले. "मामीला सांगू नका."

मग ग्लास टपरीवर ठेवून आले आणि आम्ही खोडाळ्याला गेलो.

मामींनी गाडीला हात लावला, दार कसं उघडतं ते विचारलं आणि आत बसल्या. आम्ही जेवायला हाक मारली तरी उतरल्या नाहीत. शेवटी मामा त्यांचं ताट बाहेर घेऊन गेले आणि त्या मांडीवर ताट ठेवून गाडीतच जेवल्या. संध्याकाळी मी एकटाच परत निघालो. मला गाडी बेताचीच चालवता येते, मामांनी तीनदा बजावलं की उतारावर गिअर काढायचा नाही.

आता कोरड्या दिवसांत मी तिच्यातूनच ऑफिसला जातो. मामा महिन्यातून एकदा येतात, तेल बघतात, नटबोल्ट आवळतात. आम्ही अजून फार बोलत नाही, पण जेवताना समोरासमोर बसतो. मैत्रिणीनं हेडलाइटचं राहिलेलं काम करून दिलं.

गेल्या फाल्गुनात ऑफिसला जाताना एका चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर जाईना. मागे जीप होती, पुढे ट्रक. मी दांडा ढकलतोय, तो अडतोय, आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, हा गिअर का बसत नाहीये?" चांगलं मोठ्यानं, पत्र्याच्या शेडकडे तोंड करून विचारावं तसं. गाडी बंद पडली. मी हँडब्रेक ओढला. जीपवाल्यानं एकदा हॉर्न दिला, मग बाजूनं काढून पुढे गेला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि छातीत दुखत होतं, अगदी खरोखरीचं, जड काही उचलल्यावर दुखतं तसं. ऑफिसला त्या दिवशी उशीर झाला.