शेजारणीसाठी रजा

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात मी अपॉइंटमेंट्सच्या ऑफिसात लागले, तेव्हा मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. अर्ज केला आणि मला शाळेच्या वेळेपुरतंच काम मिळालं. पावणेतीनला मी कोट चढवून निघायचे. त्यानंतरचे सगळे फोन शेजारच्या टेबलावरच्या बाई घ्यायच्या. इंग्लिश, साठीला टेकलेल्या, एकट्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारायचे, पण मनात त्या माझ्यासाठी 'अहो'च होत्या.

चार वर्षांत त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीच्या आठवड्यात, रजा आधी आम्हा आयांना, उरलीसुरली त्यांना.

मग एका एप्रिलात त्यांच्या हातून चुका व्हायला लागल्या. डोळ्यांच्या पेशंटला हाडांच्या क्लिनिकचं पत्र गेलं. एक आजोबा दोन बस बदलून भलत्याच दिवशी येऊन बसले. मॅनेजरने बाईंना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या थेट किचनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेले.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला काही झालं नाही. शेजारीण फार आजारी आहे. तीस वर्षं आमची मधली भिंत एक. बुधवारी दुपारी तिला भरवायला कोणी येत नाही. फोनवर बोलताना सारखं तेच डोक्यात येतं."

"मग रजा का नाही घेत?"

त्या हसल्या. "त्या रजा तुमच्यासारख्या घरसंसारवाल्यांना गं. ती माझी कोण लागते?"

मी ओशाळले. माझ्या फायद्याचे सगळे नियम मला पाठ होते. त्यांच्यासाठी मी एक पान उलटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत शोधलं. आजारी माणसाच्या देखभालीची रजा होती, आणि नातं लागतं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते माणूस तुमच्यावर अवलंबून असलं की पुरे. अर्धा अर्धा दिवसही घेता येत होती. प्रिंट काढून दोघी मॅनेजरकडे गेलो. त्याने वाचलं, चष्मा काढला.

"हे मीच आधी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पण दुपारचे फोन?"

"बुधवारी मी पाचपर्यंत थांबते," मी म्हणून गेले.

नवरा त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. संध्याकाळी त्याला म्हटलं, बुधवारी मुलीला शाळेतून तू आण. "बुधवारी माझं क्लिनिक असतं," तो म्हणाला.

"बदलून घे. मी चार वर्षं माझं सगळं बदललंच ना?"

दोन आठवडे लागले, पण त्याने बदललं. पहिल्या बुधवारी घरी आले तर मुलगी दारातच उड्या मारत तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, आज गेटवर बाबा आली होती!"

बाईंच्या चुका थांबल्या. जूनमधल्या एका बुधवारी, त्या जवळ बसलेल्या असतानाच शेजारीण गेली. सोमवारी त्या कामावर आल्या. मी त्यांना मिठी मारली, तशा त्या माझ्या खांद्यावर बराच वेळ रडल्या.

पुढे मॅनेजरने विचारलं, बुधवार आता पूर्ववत करायचा का? नाहीतर रजेऐवजी बाईंना माझ्यासारखा कमी तासांचा अर्ज करावा लागेल. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. 'मी थांबते' अशी मी मान हलवली.

"पूर्ववत नको," त्या म्हणाल्या. "मला पोहायला शिकायचंय."