बांबूची चाल

उंचीमुळे सगळे त्याला बांबू म्हणत. तो स्टुडिओत सुतारकाम करायचा आणि त्या उंचीमुळेच त्याला एका भयपटात मुखवटेवाल्या खुन्याचं काम मिळालं. बूट चावत होते, म्हणून तो सावकाश चालला. पळणाऱ्या नायिकेमागे निवांत चालत येणारा खुनी पाहून लोकांची बोबडी वळली. पुढे प्रत्येक भयपटातला खुनी तसाच चालू लागला, पण कौतुक झालं ते नायिकेच्या किंकाळीचं. ती टीव्हीवर दिसली की बांबूला मिरच्या झोंबायच्या.

"किंचाळायला काय लागतं? झुरळ बघून तूही किंचाळतेस," तो बायकोला म्हणायचा.

म्हातारपणी एका नव्या भयपटाच्या मंडळींनी त्याला ती चाल शिकवायला बोलावलं. बांबू ताठ मानेने गेला. नव्या नटाने मुखवटा चढवला आणि काही शिकवायच्या आतच तो चालत समोर आला. बांबूच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोरगा त्याच्यापेक्षा सरस चालत होता. नायिकेवरचा इतक्या वर्षांचा राग बांबू तिथल्या तिथे विसरला.

घरी बायकोने विचारलं, "कसा चालतो हो तो?"

"पाय आपटतो नुसता," बांबू म्हणाला, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून तिच्यावरच चिडला.