बोल्टवरची लाल रेघ

अल्टरनेटरचा बोल्ट सैल झाला तेव्हा माझा पहिला संशय गॅरेजवाल्यावर. मी मुलुंडमध्ये शाळेची व्हॅन चालवते. बॅटरी चार्ज करणारा हा अल्टरनेटर इंजिनाशी ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर बसतो. तो हलला की पट्टा उतरतो आणि व्हॅन पोरांसकट रस्त्यात उभी. दुसऱ्याच दिवशी शाळा होती.

महिन्यापूर्वी पट्टा किंचाळायला लागला तेव्हा मीच तो बोल्ट आवळला होता, पान्याला पाइप लावून, सगळा भार टाकून. बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघही ओढली होती, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. आता रेघ तुटली होती. मधल्या काळात बॉनेट उघडलं होतं ते फक्त या गॅरेजवाल्यानेच, ऑइल बदलताना.

त्याने पाना लावला. बोल्ट नुसता गोल फिरत राहिला, शेवटी ओढून काढावा लागला. आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा.

"ताई, भोकातले आटे गेले."

"गेले की घालवले?"

"मी घालवले असते तर रेघ नवी ओढून ठेवली असती ना."

हुशार होता. म्हणजे जास्तच लक्ष ठेवायला हवं.

"आता नवा ब्रॅकेट लागेल म्हणाल."

"कशाला? भोक जरा मोठं करून नवे आटे पाडतो, आत तारेची स्प्रिंग बसवतो, म्हणजे भोक पुन्हा याच मापाचं. बोल्ट हाच चालेल."

नवा ब्रॅकेट सांगितला असता तर लुबाडतोय म्हटलं असतं. नको म्हणाला, तर वाटलं आजचं उद्यावर ढकलतोय. मी स्टूल ओढून बॉनेटपाशीच बसले. त्याने चहा मागवला; मी घेतला नाही. आटे पाडताना तो अर्धा वेढा पुढे, थोडा मागे, चुरा साफ, पुन्हा पुढे, असं करत होता. घाई नाही. त्याचाही मला संशय आला.

स्प्रिंग बसली. त्याने पाना माझ्या हातात दिला. "तुम्हीच आवळा. मी आवळला तर झोप नाही लागायची तुम्हाला."

बोल्ट घट्ट झाला. मी आणखी जोर लावायला उठले, तशी त्याने पान्यावर बोट ठेवलं.

"बास. ॲल्युमिनियम मऊ असतं, जास्त जोराने आटे सोलतात. मागच्या वेळी इथेच थांबायचं होतं."

पाइपबद्दल मी त्याला अवाक्षरही बोलले नव्हते. पर्समधून नेलपॉलिश काढून मी नवी रेघ ओढली.

"ही हलली तर तुमच्याकडेच येईन."

"या ना. फक्त पाइप घरी ठेवून या."