वीस वर्षांची सरळ रेघ

संगणकावर जमिनीच्या तापमानाच्या अंदाजाची रेघ पुढची वीस वर्षं सरळ चाललीय आणि माझी नजर हटत नाही. नव्या दवाखान्यातली उष्णता खोल बोअर मारून नळ्यांनी जमिनीत सोडायची, अशी आमची योजना. पण आधी संगणकाच्या मॉडेलमध्ये जमीन दरवर्षी जास्तच तापायची, आणि साहेब योजना गुंडाळायला निघाले होते.

रविवारी आईला मी पडद्यावर बोअरचे ठिपके दाखवले. तिचा जन्म मिरचीची रोपं लावण्यात गेला.

"एवढ्या दाटीत उष्णता पुरतेस? एकमेकांना भाजतील की गं."

मी दोन बोअरमधलं अंतर दुप्पट केलं आणि रेघ सरळ झाली. उष्णता सोसणाऱ्या जमिनीलाही रोपांसारखी मोकळी जागा लागते, हे तिला वाफ्यातच कळलं होतं.

आज साहेबांनी योजनेवर सही केली. विचारलं, "कुठल्या पुस्तकात सापडलं?"

मी घरातली पहिली पदवीधर. म्हटलं, "आईनं सांगितलं, साहेब. ती शाळेत गेलेली नाही."