सिनेटर आणि मसालेभात

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर सरकारी पगार घेतला, मग सरकारी पेन्शन. आणि भक्ती केली ती अमेरिकेतल्या एका कट्टर उजव्या सिनेटरची. सरकारनं लोकांच्या घरात नाक खुपसू नये, असं त्या सिनेटरचं म्हणणं. बाबांना ते भयंकर पटलेलं. ते मला रोज समजावून सांगायचे, माझा फ्रिज उघडून, आतले डबे हुंगत.

२००० नंतरची ती पहिली वर्षं. आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहायचो आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. शेजारच्या रीडिंग गावातल्या मराठी मंडळाला गणपतीत वक्ता मिळेना, तेव्हा बाबांनी आपणहून हात वर केला. विषय अर्थातच सिनेटरचं जीवन आणि कार्य.

हॉलच्या किचनमध्ये मसालेभात परतताना आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या, "नागपूरला याच भाषणातून लोक उठून गेले होते गं. शेवटी हे आणि माइकवाला, दोघंच उरले. तेव्हापासून हे कुठे बोलले नाहीत. आज तसं झालं, तर मला त्यांच्याकडे बघवणार नाही."

आमच्या मंडळात भाषण जेवणाआधी ठेवतात खरं, पण भात झाल्याची नुसती कुणकुण लागली, की वक्ता कोणीही असो, लोक कागदी प्लेट घेऊन रांगेत उभे.

बाबा सुरू झाले. सिनेटरचं बालपणच संपेना. मग तो पहिली निवडणूक हरला, दुसरीही हरला. मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, "अजून किती इलेक्शन्स आहेत?"

सेक्रेटरी किचनमध्ये डोकावले. "काकू, रेडी आहे ना? लोक रेस्टलेस झालेत."

"छे हो, वाफ यायचीय अजून," आई म्हणाल्या. भात केव्हाच झाला होता. त्यांनी झाकणावर जाड टॉवेल टाकला, दार लावलं आणि मला दाराशी उभं केलं. सेक्रेटरी पुन्हा आले, तेव्हा मीही तोंड पाडून म्हणाले, "इथल्या शेगड्या फार स्लो आहेत हो." मला इतकी मजा येत होती की हसू आवरेना.

सिनेटर एकदाचा निवडून आला, म्हातारा झाला, रिटायर झाला. भुकेल्या लोकांनी सुटकेच्या आनंदात टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या संपायच्या आत आईंनी झाकण काढलं.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून बाबांनी आईंना विचारलं, "खरं सांग हं. लोक माझ्यासाठी थांबले, की जेवणासाठी?"

"अहो, भात तर केव्हाचा तयार होता," आई म्हणाल्या. "उठलं का कोणी?"