पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत

गायधनी सरांची आणि माझी पहिली भेट टेबलाखाली झाली. सातपूरच्या आपल्या कृत्रिम अवयव केंद्रात कार्यालयीन काम पाहण्यासाठी मी रुजू झाले, त्या सकाळी पुढच्या खोलीतला संगणक मागच्या कार्यशाळेतल्या संगणकाला वायरने जोडायचे काम चालले होते. मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गेले होते. टेबलाखालून आवाज आला, "कोण आहे? जरा बॅटरी धरता का?" मी पदर खोचून खाली बसले. भिंतीच्या भोकातून वायरचे टोक डोकावले तेव्हा मी विचारले, "पुल करू?"

"करा. नाही जमलं तर मराठीत ओढा."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला आपल्या मराठीचा तेव्हा फार संकोच वाटे. सरांनी त्या दिवशी माझी चेष्टा केली, पण पुढे कधी कुणाला माझ्या मराठीवर हसू दिले नाही. रुग्णांना द्यायच्या सूचना मी जड शब्दांत लिहून नेल्या की ते शांतपणे विचारत, "हरसूलच्या माणसाला हे वाचून दाखवलं, तर पाय कसा पुसायचा ते कळेल का?" मी परत जाऊन लिहीत असे. आज हा लेख मराठीत लिहिते आहे, त्याचे श्रेय त्या प्रश्नाला आहे.

मोठ्या कारखान्यातली नोकरी पुरी करून सर आपल्या केंद्रात आले आणि कार्यशाळा त्यांनी आपली मानली. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाविषयी इतर मंडळी या गौरव अंकात लिहितीलच. मला सांगायचे आहे ते एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचे.

आपल्या केंद्राची रचना बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पुढच्या खोलीत नव्या संगणकावर रुग्णाच्या पायाचे माप घेतले जाते. मागच्या कार्यशाळेत त्या मापाचा साचा कोरणारे यंत्र आहे. ते यंत्र इतके जुने आहे की त्याच्या बरोबरीच्या जुन्या संगणकाशिवाय ते कुणाचेच ऐकत नाही. त्या जुन्या संगणकात एक सामायिक फोल्डर आहे. पुढून माप त्यात टाकायचे, मागे कार्यशाळेत काम करणारे रमेशभाऊ ते उघडून यंत्र सुरू करणार. पेनड्राइव्ह लावायची त्याची खोबण कधीच निकामी झाली आहे, त्यामुळे एवढी एकच वाट.

त्या सकाळी हरसूलकडून जनाबाई आल्या होत्या. मळणीयंत्रात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला. आपण बसवून दिलेल्या कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, तडकली होती. द्राक्षबागांच्या छाटणीचे दिवस होते आणि त्यांच्या गावची मजुरांची टोळी परवा पहाटे निघणार होती. "म्होरं गेली टोळी का मंग गेली, मॅडम. एकदा दुसरी बाई घेतली का मला कोन बोलावनार?" त्या म्हणाल्या. माप घेऊन झाले. मी ते मागे पाठवायला गेले, तर पडद्यावर उत्तर आले: या फोल्डरमध्ये जाण्याची आपल्याला परवानगी नाही.

पासवर्ड तोच होता. पुन्हा घातला, पुन्हा तेच. नवे संगणक पुरवणारे कुलकर्णी योगायोगाने केंद्रात होते. ते म्हणाले, "रात्रीतून अपडेट झाले असतील हे. नवे संगणक जुन्यांना आता ओळखच देत नाहीत. मी नव्यांमधली जुन्यांशी बोलायची जुनी पद्धत चालू करतो आणि फोल्डरचा पासवर्ड काढून टाकतो. दोन मिनिटांत काम."

"म्हणजे कुणालाही आत जाता येईल," सर म्हणाले.

"सर, पायाची मापं कोण चोरणार?"

"तुमचं वजन आणि व्यंग लिहून दारावर लावू का? कोण चोरणार?"

कुलकर्णी हसले, पण हात मागे घेतला. सरांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्या दिवशीही नाही. जनाबाईंचे काम अडलेले होते आणि सोपा मार्ग समोर होता, तरी ज्यांनी विश्वासाने आपली शरीरे आपल्यासमोर उघडी केली, त्यांची माहिती उघड्यावर टाकायची सरांची तयारी नव्हती. जनाबाई दाराशी बाकावर बसून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. सर त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पाय घेऊनच जायचं आहे तुम्हाला. फक्त काय बिघडलंय ते आधी विचारू द्या."

बिघाड झाला की सर यंत्राला हात लावण्याआधी माणसांना विचारतात. ही त्यांची पद्धत.

"शेवटचं कधी चाललं?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सर," रमेशभाऊ म्हणाले.

"मधे काय बदललं?"

"काहीच नाही. काल फक्त पूजा."

"पूजेच्या आधी?"

"बटणापासून बंद केला, पुसला, हळदीकुंकू वाहिलं."

"बंद केला?"

तो जुना संगणक एकदा बंद झाला की सुरू व्हायला कुरकुर करतो, म्हणून वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालू ठेवायचा, कधी बंद करायचा नाही असा सरांचाच नियम होता. आजवर दसऱ्यालाही तो चालू ठेवूनच पुसला जाई. पण त्या वर्षी नवे संगणक आले होते, ते बंद करून साग्रसंगीत पुसले, मग जुन्यालाच विश्रांती नाही हे रमेशभाऊंच्या मनाला पटले नाही.

सर मागच्या खोलीत गेले, आम्ही त्यांच्या मागे. जुन्या पडद्याला झेंडूची भरगच्च माळ घातलेली होती आणि तिचा पुंजका खालच्या उजव्या कोपऱ्यावर लोंबत होता.

"सुकेपर्यंत काढत नाही आपण माळ," रमेशभाऊ घाईने म्हणाले.

"काढत नाही. सरकवतो," सर म्हणाले आणि एका बोटाने त्यांनी फुले बाजूला केली. मागे पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ होते. त्यातली तारीख तो संगणक जन्माला आला त्या काळातली होती. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सेल केव्हाच संपला होता. संगणक कधी बंदच न झाल्यामुळे ते कळले नव्हते. दोन संगणकांच्या घड्याळांत इतक्या वर्षांचे अंतर पडले, की पासवर्ड बरोबर असूनही ते एकमेकांची ओळख मान्य करत नव्हते. सरांनी ते साल मोठ्याने वाचले.

दारातून जनाबाई म्हणाल्या, "तवा तर माझं दोन्ही पाय व्हतं, सायेब."

मग त्याच आधी हसल्या, आणि सर म्हणाले, "तिथे परत नेता येत नाही, जनाबाई. परवापर्यंत मात्र नेतो."

घड्याळ आजच्या तारखेवर आणले. माप पुढून मागे गेले, यंत्र घरघरू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय तयार झाला, पण सरांनी तो लगेच नेऊ दिला नाही. त्यांनी आवारातल्या कोपऱ्यात माती उकरून, पाणी मारून ढेकळे केली आणि जनाबाईंना त्यावरून चालायला लावले. "बागेत फरशी नसते," एवढेच म्हणाले. वाटी एका जागी घासत होती, ती पुन्हा तासली. जनाबाई संध्याकाळच्या बसने गेल्या आणि टोळीबरोबर निघाल्या. अजूनही दर छाटणीला जातात.

त्या महिन्याच्या अहवालात काय लिहू, असे मी सरांना विचारले. ते म्हणाले, "घड्याळ मागे पडलं होतं, सेल बदलला." माळेचा उल्लेख नाही, रमेशभाऊंचे नाव नाही. आज ते मी लिहिते आहे, ते रमेशभाऊंना विचारूनच. "लिहा ना मॅडम," ते म्हणाले, "सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत, हेही लिहा."

वायरचे दुसरे टोक शोधायला पुन्हा टेबलाखाली वाकता येईल इतके सरांचे गुडघे शंभरीपर्यंत खणखणीत राहोत, त्यांची झोप शांत असो, चहा गोड असो आणि त्यांचे "मधे काय बदललं?" आमच्या कानांवर रोज पडत राहो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.

समारंभाला येणाऱ्यांसाठी सरांचे निरोप त्यांनी सांगितले तसे देते. सत्काराची शाल जनाबाईंना द्यायची. पहाटे बागेत थंडी असते. नारळ रमेशभाऊंच्या घरी. पेढे कुलकर्णींच्या हातून वाटायचे. पहिल्या दिवशीची ती बॅटरी सरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. आणि हार जुन्या संगणकाला घालायचा, कोपरा मोकळा ठेवून.